चिली बघायचा तर पाण्यामागे जा

चिलीच्या राजधानीत, सान्तियागोला भाचीच्या घरी पोचले, हातपाय धुतले आणि पहिला ग्लास भरता भरता विचारलं, "हे पाणी येतं कुठून गं?"

"नळातून, मावशी. बिनधास्त पी. इथलं नळाचं पाणी चांगलं असतं."

"आणि नळात?"

आठ वर्षं ती त्या शहरात राहतेय, पण तिला सांगता आलं नाही. तिला हसण्यात अर्थ नाही. शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाही. मी मात्र एकतीस वर्षं विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजली. दुसरं काही मला फारसं येतही नाही. म्हणून पुढचे दोन महिने उत्तरेच्या आरिकापासून दक्षिणेच्या पुंता आरेनासपर्यंत हाच एक प्रश्न घेऊन फिरले, आणि त्या प्रश्नानंच मला तो लांबलचक देश उलगडून दाखवला. तुम्ही प्रत्यक्ष जाणार असाल किंवा नुसता नकाशा पुढ्यात घेऊन बसणार असाल, पद्धत तीच.

वही आणि रेघा

एक छोटी वही घ्या. प्रत्येक मुक्कामाला एक पान आणि पानावर तीन रकाने: येतं कुठून, थांबतं कुठं, जातं कुठं. बस्स. निसर्गसौंदर्याचं वर्णन लिहायचा मोह होतो, तो आवरा. त्यासाठी फोनमधले फोटो आहेत.

निघण्याआधी वहीच्या मधल्या जोडपानावर चिली स्वतःच्या हातानं काढा. पान उभं धरा. उत्तर-दक्षिण सुमारे ४,३०० किलोमीटर लांबी आणि सरासरी १८० किलोमीटरच्या आसपास रुंदी, म्हणजे एक उभी चिंधी. तिच्यात तीन उभे पट्टे पाडा: डावीकडे समुद्राला खेटून किनाऱ्याची डोंगररांग, उजवीकडे अँडीज, आणि दोहोंमध्ये सखल खोलगट भाग. मग आडव्या खुणा करा. आरिका साडेअठरा अंश दक्षिण, कोपियापो सत्तावीसच्या जरा पुढे, सान्तियागो साडेतेहतीस, पुएर्तो मॉन्त साडेएक्केचाळीस, पुंता आरेनास त्रेपन्न. प्रत्येक खुणेपुढे वर्षाचा पाऊस लिहा: आरिकाला एक मिलिमीटरही नाही, ला सेरेनाला साधारण ८०, सान्तियागोला ३०० च्या आगेमागे, कॉन्सेप्सिओनला हजाराच्या वर, वाल्दिव्हियाला दोन हजारांच्या आसपास. आणि मग एकदम पुंता आरेनासला पुन्हा चारशेच्या घरात. हा शेवटचा आकडा लिहिताना मी चूक केली असं वाटून दोनदा तपासला. चूक नव्हती. का नव्हती, ते शेवटी.

कधी जायचं आणि कुठल्या खिडकीत बसायचं

ऑक्टोबरच्या सुरुवातीला उत्तरेत सुरुवात करा आणि डिसेंबरच्या सुरुवातीला दक्षिण टोक गाठा. वसंत ऋतू तुमच्याबरोबर खाली सरकत येतो. उलट केलंत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेच्या पठारावर गेलात, तर वादळी पावसात सापडाल. हो, आताकामा वाळवंटाच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यात पाऊस पडतो. तो पूर्वेकडून, अॅमेझॉनच्या बाजूनं अँडीज ओलांडून येतो. तिथले लोक त्याला 'बोलिव्हियाचा हिवाळा' म्हणतात. मध्य चिलीत मात्र पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून आणि हिवाळ्यात येतो. 'येतं कुठून' या पहिल्या रकान्यात निदान दिशा तरी लिहायचीच, ती याचसाठी.

दिवसाच्या बसचं तिकीट काढताना दुपारची बस आणि डावी खिडकी मागा. दक्षिणेकडे जाताना डावीकडे अँडीज असतो. सकाळी सूर्य त्याच्या मागून उगवतो, तेव्हा डोंगर म्हणजे नुसती काळी भिंत दिसते. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन पडलं की त्यातल्या घळी, बर्फाच्या रेषा, खडकांचे रंग सगळं उघडं होतं. आणि बस टर्मिनलच्या स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात ठेवा. भूगोलाशी संबंध नाही, पण ठेवा.

देशात शिरताना फळं, बिया, मध, सुका मेवा असलं काही सामानात असेल तर अर्जावर तसं लिहून द्या. फळमाशीसारखी कीड आत येऊ नये म्हणून ही तपासणी कडक असते. माझ्या पर्समध्ये तळाशी एक विसरलेलं सफरचंद होतं. मी आधीच 'हो' वर खूण केली होती म्हणून फक्त सफरचंद गेलं, दंड वाचला.

आरिका ते चुंगारा: एका दिवसात चढू नका

आरिकात ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ असे सलग १७३ महिने पाऊस पडला नव्हता. जागतिक हवामान संघटनेच्या विक्रमांत तो नोंदलेला आहे. तरीही शहराच्या दोन्ही अंगांना हिरव्या पट्ट्या दिसतात, आसापा आणि युता ही दोन खोरी. आसापात ऑलिव्हची झाडं आहेत. युता नदीचं पाणी खारट आणि बोरॉनयुक्त आहे, आणि त्या पाण्यावर तग धरणारा स्थानिक मका शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडत आणला. बाजारात तो मागून खा. पाण्याची चव पिकात कशी उतरते हे जिभेला कळतं.

वरच्या पुत्रे गावाचा रस्ता युताच्या खोऱ्यातूनच चढतो. चढताना पंधरा-पंधरा मिनिटांनी बाहेर काय उगवलंय ते लिहीत जा. आधी नदीकाठ सोडून काहीच नाही, गवताची काडीही नाही. मग साधारण २,००० ते २,८०० मीटरवर कँडेलाब्रो नावाचे निवडुंग, एका खोडावर फांद्यांचा गुच्छ, एकमेकांपासून लांब लांब उभे. पूर्वेच्या उन्हाळी पावसाचे शेवटचे चार थेंब इथवर पोचतात, तेवढ्यावर ते जगतात. आणखी वर ३,५०० मीटरवर पुत्रे. तिथं पायऱ्यांची शेतं, ओरेगानो, लसूणघास. त्याच्याही वर 'बोफेदाल', म्हणजे उंचावरच्या पाणथळ हिरवळी. हे माझं सगळ्यात आवडतं. पाय ठेवला की स्पंजासारखं दबतं. हाच तिथला बंधारा आणि हीच टाकी: पाणी धरून ठेवायचं आणि हळूहळू सोडायचं. व्हिकुन्या आणि अल्पाका चरत असतात ते यावरच.

मी इथं मूर्खपणा केला. आरिकाहून सकाळी निघून थेट चुंगारा तलाव दाखवून संध्याकाळी परत आणणारी व्हॅन घेतली. समुद्रसपाटीवरून ४,५०० मीटर, तेही दोनशे किलोमीटरांच्या आत. चालकानं "हळू चाला, गप्पा कमी मारा" एवढंच सांगितलं. तलावाशी पोचले तेव्हा समोर पारिनाकोटा ज्वालामुखीचा पांढरा शंकू पाण्यात उतरलेला होता, आणि मी व्हॅनच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. वहीच्या त्या पानावर एकच शब्द आहे, तोही वाकडा. म्हणून सांगते: पुत्रेला दोन रात्री राहा, पहिल्या दिवशी काहीही करू नका, मगच वर जा. उंची लागली तर औषधापेक्षा खाली उतरणं लवकर उपयोगी पडतं.

आताकामात पाणी शोधायचं कसं

हे वाळवंट इतकं कोरडं का, याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही डोळ्यांनी बघता येतात. पूर्वेची ओल अँडीज अडवतो. पश्चिमेला पॅसिफिकवर जास्त दाबाची हवा वर्षभर ठाण मांडून असते. तिथं हवा खाली बसते, वर चढत नाही, मग पाऊस कुठला. आणि किनाऱ्यालगत हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, तो खालची हवा गार करतो. खाली गार, वर उबदार, म्हणजे झाकण बसलं. त्या झाकणाखाली ढग साचतो, पण बरसत नाही. याच ढगाला तिथं 'कामांचाका' म्हणतात.

बघायचा तर इकिकेत पहाटे उठा. शहर एका अरुंद किनारपट्टीवर आहे आणि पाठीमागे शेकडो मीटर उंच डोंगर भिंतीसारखा उभा आहे. ढग त्या भिंतीला टेकतो आणि तिथंच अडतो. टेकडी चढून पठारावर गेलात की लख्ख ऊन. ढग जिथं रोज टेकतो त्या उंचीवर शेवाळ, दगडफूल, एखादा निवडुंग दिसतो. वर नाही, खाली नाही. दुर्बीण असेल तर तो हिरवट पट्टा लांबूनही ओळखता येतो.

या धुक्याचं पाणी करताही येतं. ला सेरेनाच्या उत्तरेला चुंगुंगो नावाचं मच्छीमारांचं खेडं आहे. १९९० च्या दशकात तिथं वरच्या टेकडीवर जाळ्या उभारून धुकं पकडायचे. धाग्यांवर थेंब, थेंबांची धार, धारेची नळी, नळीतून खाली गावाला पाणी. दिवसाला सरासरी सुमारे १५ हजार लिटर. पुढे जाळ्यांची देखभाल थांबली. यंत्र साधं असलं की ते आपोआप चालेल असं लोकांना वाटतं. हातपंपांच्या बाबतीत मी हेच आयुष्यभर पाहिलं.

इकिकेहून पूर्वेला हम्बरस्टोनच्या जुन्या नायट्रेट कारखान्याकडे जा. २००५ पासून जागतिक वारसा आहे. पत्र्यांचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही जमिनीकडे बघा. नायट्रेट पाण्यात सहज विरघळतं. ते इथं थरांनी साचून राहिलं, यावरूनच इथं किती काळ पाऊस पडलेला नाही ते कळतं. पहिल्या रकान्यात मी इथं भलंमोठं शून्य काढलं.

आणि मग तिथून थोडं दक्षिणेला पांपा देल तामारुगालमध्ये बस एका जंगलातून जाते. पाऊस शून्य आणि जंगल! ही तामारुगोची झाडं. त्यांची मुळं खालच्या भूजलापर्यंत जातात. ते पाणी पूर्वेच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचं, जमिनीखालून इथवर आलेलं. इकिके शहरही याच साठ्यातून पाणी उपसतं. मी बसमधून उतरून एका झाडाखाली अर्धा तास बसले. टेप नव्हता बरोबर, नाहीतर कुणाच्या तरी विहिरीत सोडलाच असता.

कालामाजवळून लोआ नदी जाते. चिलीतली सगळ्यात लांब नदी, सुमारे ४४० किलोमीटर, आणि आताकामा पार करून समुद्राला मिळणाऱ्या अगदी मोजक्या नद्यांपैकी. नकाशावर तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा आहे: आधी दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर, मग पुन्हा पश्चिम. एवढी मोठी नदी म्हणून पुलावर उभं राहून बघायला गेलात तर निराश व्हाल; ओढा वाटेल. तिसरा रकाना इथं भरा. खाणी, शहरं, शेती सगळ्यांचा तिच्यावर हात. चिलीत १९८१ च्या जलसंहितेनं पाण्याचे हक्क जमिनीपासून वेगळे विकता-घेता येऊ लागले. २०२२ च्या दुरुस्तीनं माणसाच्या पिण्याच्या पाण्याला आधी मान दिला. हे माहीत नसेल तर कोरड्या नदीपात्राशेजारी हिरवी बाग का दिसते, याचा उलगडा होत नाही.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. उत्तरेतल्या ओढ्यांचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. ज्वालामुखीच्या खडकांतून आणि गरम झऱ्यांतून त्यात आर्सेनिक उतरतं. अँतोफागास्ता शहरानं १९५८ ते १९७० असं पाणी नळानं प्यायलं आणि त्याची किंमत पुढे कित्येक दशकं मोजली. आता तिथं बहुतेक पाणी समुद्राचं, क्षार काढलेलं असतं. माझ्यासारखं खिशातलं टीडीएस मीटर नेणार असाल तर न्या, पण ते आर्सेनिक दाखवत नाही. उकळूनही ते जात नाही.

सान पेद्रो दे आताकामाला तीन दिवस द्या. साधारण २,४०० मीटरवर आहे, त्यामुळे श्वास सांभाळायला बरं. आताकामाचं मिठागर, म्हणजे सालार, सुमारे ३,००० चौरस किलोमीटरचं. त्याला बाहेर जायला वाटच नाही. डोंगरांवरून आलेलं पाणी जमिनीखालून इथं पोचतं, वर येतं आणि उडून जातं. तिसऱ्या रकान्यात लिहायचं: आकाशात. मागे राहतं मीठ, आणि मिठाच्या पोटातल्या खारवणात लिथियम. ते खारवण उपसून उथळ तळ्यांत सुकवतात. काठावर गोडं पाणी जिथं जड खारवणाला टेकून वर येतं, तिथंच फ्लेमिंगोंची तळी आहेत. खारवणाचा उपसा किती केला की काठाचं पाणी सरकेल, हाच तिथला सगळा वाद. माझं मत विचाराल तर निरीक्षण विहिरींचे आकडे बघितल्याशिवाय कुणाच्याही बाजूनं बोलू नये, आणि आकडे मागितल्याशिवाय राहू नये.

एल तातिओच्या गरम फवाऱ्यांना पहाटे चारला उठवून नेतात. कंटाळा करू नका. थंडीतच वाफ दिसते, ऊन चढलं की ती दिसेनाशी होते. जागा सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तिथं पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. दगडांनी आखलेली रेघ ओलांडू नका. कडेची जमीन भक्कम दिसते, पण खाली पोकळ असते.

फुलं, धुकं आणि कोरडे नाले

कोपियापोपासून खाली मधला सखल पट्टा गायब होतो आणि आडव्या नद्या सुरू होतात: कोपियापो, उआस्को, एल्की, लिमारी, चोआपा. वहीतल्या चित्रात इथं उभा पट्टा खोडून आडव्या रेघा मारा. प्रत्येक रेघ म्हणजे बर्फाच्या पाण्यावरची एक हिरवी वस्ती. एल्कीच्या खोऱ्यात उभं राहिलात की हिरवळ कुठं संपते ते सुरीनं कापल्यासारखं दिसतं. जिथवर पाट, तिथवर द्राक्षं.

हिवाळ्यात चांगला पाऊस झालेल्या वर्षी, बहुधा एल निन्योच्या, कोपियापो आणि व्हायेनारच्या परिसरात ऑगस्ट ते ऑक्टोबर वाळवंट फुलतं. वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहिलेल्या बिया आणि कंद एकदम जागे होतात. दर वर्षी फुलत नाही, म्हणून तिकीट काढायच्या आधी त्या हिवाळ्यात पाऊस झाला का ते बघा. गाडी रस्ता सोडून आत घालू नका. मला मोठा बहर मिळाला नाही. एका उतारावर जांभळट फुलांचा एक पट्टा तेवढा मिळाला.

याच प्रदेशात कोरड्या नाल्यात, ज्याला तिथं 'केब्रादा' म्हणतात, तंबू ठोकू नका. मार्च २०१५ मध्ये आताकामा प्रदेशात असाच दुर्मीळ पाऊस झाला. कोपियापो, चान्यारालसारख्या गावांतून चिखलाचे लोंढे वाहिले, माणसं गेली. झाडोरा नाही, माती धरून ठेवणारं काही नाही, म्हणून थोडं पाणीही गाळ घेऊन सुटतं. नाल्याच्या तोंडाशी पसरलेला दगडगोट्यांचा पंखा दिसला की समजा, इथं पाणी येऊन गेलंय आणि पुन्हा येणार.

ओव्हायेच्या पश्चिमेला फ्राय होर्हे राष्ट्रीय उद्यान. जाण्याआधी ते कुठल्या दिवशी उघडं असतं ते पाहून घ्या. भोवताली काटेरी झुडपं, निवडुंग, जेमतेम पाऊस. आणि समुद्राकडच्या कड्याच्या माथ्यावर ओलंकच्च जंगल, जसं हजारभर किलोमीटर दक्षिणेला असतं. खोडांवरून पाणी ठिबकत असतं. सगळं धुक्याचं. झाडंच इथं जाळ्या झाली आहेत. मी पानांखाली ग्लास धरून उभी राहिले तेव्हा भाचीला लाज वाटली. "मावशी, लोक बघतायत." बघू देत.

सान्तियागो: शून्य अंशाची रेघ

परत आल्यावर भाचीला तिच्या नळाचं उत्तर दिलं. बहुतांश पाणी माईपो नदीचं. ती अँडीजमधून येते, आणि वर एल येसो नावाचं धरण आहे. तीनशे मिलिमीटर पाऊस, तोही हिवाळ्यातल्या मोजक्या दिवसांत. सत्तर लाखांच्या घरातलं शहर त्यावर उन्हाळा कसा काढतं? डोंगरावर साठलेल्या बर्फावर. हिवाळा टाकी भरतो, उन्हाळा तोटी उघडतो.

म्हणून तिथल्या हवामानाच्या बातम्यांत 'इसोतेर्मा सेरो' हे शब्द ऐकू येतात: शून्य अंशाची उंची. वादळ थंड असेल तर ही रेघ खाली असते आणि डोंगरावर बर्फ पडतो. वादळ उबदार असेल तर रेघ वर जाते, जिथं बर्फ साठायला हवा तिथं पाऊस पडतो आणि उघड्या उतारांवरची माती घेऊन नदी एकदम खाली येते. एप्रिल २०१६ आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये पाणी इतकं गढूळ झालं की शुद्धीकरण थांबवावं लागलं, लाखो घरांचे नळ कोरडे पडले. डोंगरावर धो धो पाऊस आणि नळाला थेंब नाही! तिथं असताना वादळाचा इशारा आला तर किती मिलिमीटर ते नंतर विचारा, आधी ही रेघ किती मीटरवर आहे ते विचारा आणि बादल्या भरून ठेवा.

शहराबाहेर टेकड्या बघताना एक युक्ती वापरा. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेला उतार भाजून निघतो. त्यावर निवडुंग आणि काटेरी एस्पिनो. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार सावलीत, ओल टिकून, दाट झाडी. एकाच टेकडीचे दोन उतार दोन देशांसारखे. ला काम्पाना उद्यानात हे फार छान दिसतं. चिलीचे जाडजूड खोडांचे ताडही तिथं आहेत, आणि १८३४ मध्ये डार्विन तिथला ला काम्पाना डोंगर चढला होता. मी अर्ध्यातून परतले.

आकुलेओच्या तळ्याला मात्र जाच. सान्तियागोच्या दक्षिणेला, लोकांची सुट्टीची जागा होती ती. २०१० पासून दुष्काळ लांबत गेला आणि २०१८ पर्यंत तळं पार आटलं. त्याला बर्फाचा आधार नव्हता. पाऊस, छोटे ओहोळ आणि भूजल एवढंच येणं. पाऊस घटला, ओहोळ वळवले गेले, विहिरी वाढल्या. २०२३ आणि २०२४ च्या पावसानंतर काही पाणी परतलं. तिथं काठावर उभी राहिले आणि वहीत काहीच लिहिलं नाही. सगळा हिशेब आधीच माहीत होता.

पाऊस भरपूर, तरी टँकर

बिओबिओ नदी ओलांडली की हिरवं सुरू होतं, आणि सरोवरं, ज्वालामुखी, आराउकारियाची छत्र्यांसारखी झाडं. हा भाग मी नीट पाहिला नाही. पाच दिवस पाऊस, ढगांत ज्वालामुखी, खोलीत मी. जे दिसलंच नाही त्याचा सल्ला देत नाही.

वाल्दिव्हिया बघा. २२ मे १९६० चा भूकंप ९.५ तीव्रतेचा होता. यंत्रांनी मोजलेल्या भूकंपांत याहून मोठा नाही. शहराभोवतीची जमीन एक-दोन मीटर खचली, शेतांत नदी शिरली आणि राहिली. आज काळ्या मानेचे हंस जिथं पोहतात ती रिओ क्रुसेसची पाणथळ अशी तयार झाली. दुसरी गोष्ट रिन्यिवे सरोवराची. भूकंपानं दरडी कोसळून त्याची वाट बुजली, पाणी चढत गेलं. फुटलं असतं तर खालची गावं आणि वाल्दिव्हिया वाहून गेलं असतं. माणसांनी फावड्यांनी, यंत्रांनी खणून त्या दरडीची उंची कमी केली आणि पाणी हळूहळू सुटू दिलं. पूर आलाच, पण आटोक्यातला. माझ्या धंद्यातल्या कुणालाही ही गोष्ट सांगा, तो पाच मिनिटं गप्प बसतो.

किनाऱ्यावर कुठंही मुक्काम असेल तर त्सुनामीच्या पाट्यांचे बाण कुठं जातात ते पहिल्याच संध्याकाळी चालून बघा. समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंची ही सुरक्षिततेची ढोबळ रेघ. उभं राहणं कठीण जाईल इतका हादरा बसला तर भोंग्याची वाट बघायची नाही.

पुएर्तो मॉन्तला वहीतलं चित्र पुन्हा उघडा. मधला सखल पट्टा इथं समुद्राखाली जातो. किनाऱ्याची रांग तुटून बेटं होते. चिलोए म्हणजे त्या रांगेचाच तुकडा. आतल्या समुद्रात उधाणाला भरती-ओहोटीचा फरक सहा मीटरांच्या वर जातो, म्हणून चिलोएतल्या कास्त्रो गावाची खांबांवरची घरं दिवसातून दोनदा बघा, एकदा पाण्यात आणि एकदा चिखलात.

आणि चिलोएत विचारा, येतं कुठून. तिथं बर्फाचे उंच डोंगर नाहीत. पाऊस धो धो, पण धरून ठेवतं कोण? शेवाळ आणि त्याखालचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर. ते उकरून विकायला लागले तशी उन्हाळ्यात काही गावांना टँकरनं पाणी द्यायची वेळ आली. २०२४ च्या कायद्यानं पीट उकरायला बंदी झाली. पुत्रेचं बोफेदाल आणि हे, दोन टोकं, पण दोन्ही पानांवर मधल्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला: स्पंज.

पाण्याचा रंग आणि वाकलेली झाडं

कारेतेरा आउस्त्राल हा दक्षिणेचा रस्ता, बराचसा कच्चा. बसचे दिवस ठरलेले नसल्यासारखेच असतात. प्रत्येक मुक्कामाला एक दिवस जादा धरा. इथं नद्यांचे रंग लिहा. चहासारखा तपकिरी म्हणजे जंगलातून, पीटमधून आलेलं. दुधी करडा म्हणजे हिमनदी जवळ आहे, तिनं खडक दळून केलेलं पीठ पाण्यात तरंगतंय. निळा-हिरवा म्हणजे जाड पीठ एखाद्या सरोवरात खाली बसलंय आणि बारीक तेवढं राहिलंय. बेकर आणि नेफ नद्यांच्या संगमावर निळं आणि करडं पाणी एकमेकांत शिरताना दिसतं. बेकर चिलीतली सगळ्यात जास्त पाणी वाहणारी नदी. तिच्या काठी मुक्काम करणार असाल तर गावात आधी विचारा: वरच्या 'काचेत २' नावाच्या हिमसरोवराला कोलोनिया हिमनदीनं अडवलंय, आणि २००८ पासून ते बर्फाखालून वाट काढून अनेकदा रिकामं झालंय. पाऊस नसताना पूर येतो तो असा.

तोर्तेलला रस्ते नाहीत, लाकडी पायवाटाच. तिथून पुएर्तो नातालेसला फेरी जाते, जवळजवळ दोन दिवस. डेकवर बसायला जलरोधक कपडे हवेत. वाटेतलं पुएर्तो एदेन अतिशय पावसाळी वस्त्यांपैकी आहे. पश्चिमेचे वारे समुद्रावरून येतात, डोंगराला धडकतात आणि होतं नव्हतं ते सगळं इथंच टाकतात: खाली पाऊस, वर बर्फाचं पठार. पलीकडे पूर्वेच्या उतारावर पोचतो तो फक्त वारा. म्हणून नातालेसला उतरलात की पिवळं गवत, आणि म्हणून पुंता आरेनासचा तो चारशेचा आकडा.

टोरेस देल पाइनेत शेकोटी पेटवायला बंदी आहे, ती मनापासून पाळा. या वाऱ्यात ठिणगी थांबत नाही. वसंतात ओझोनचा थर या भागावर विरळ होतो, म्हणून थंडी वाजत असली तरी तोंडाला आणि मानेला क्रीम लावा. मी मान विसरले.

पुंता आरेनासच्या बसमध्ये ढग इतके खाली होते की सूर्य कुठं आहे ते कळेना. भाचीनं फोन काढला, नेटवर्क नव्हतं. मी तिला कुंपणापलीकडची झाडं दाखवली. वर्षानुवर्षं पश्चिमेचा वारा खाऊन त्यांचे शेंडे एकाच अंगाला लोळलेले असतात. झाड ज्या बाजूला पळत सुटल्यासारखं दिसतं, ती पूर्व.